मैत्रिणीची आई स्वतःला ‘विच’ म्हणवते. लेकीला त्या तासाला बसू द्यावं का?

पत्र

प्रिय ताई,

आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. मुलगी दहा वर्षांची, इयर सिक्समध्ये. शाळेत आर.ई. (रिलिजस एज्युकेशन) नावाचा विषय असतो, त्यात वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देतात. या सत्रात पेगनिझम, म्हणजे निसर्गाला आणि जुन्या देवदेवतांना मानणारे पंथ, शिकवणार असल्याचं शाळेचं पत्र आलं. एका तासाला बोलायला येणार आहे ती माझ्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीची आई. ती विक्कन आहे, म्हणजे विक्का या पेगन पंथातली, स्वतःला सरळ ‘विच’ (चेटकीण) म्हणवते. बाई वागायला चांगली आहे, शाळेच्या गेटवर भेटली की थांबून बोलते. पण तिच्या गळ्यातली पाच टोकांची चांदणी पाहिली की मला कसंतरीच होतं.

आमच्या मराठी मंडळातल्याच एका मैत्रिणीने पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अर्ज फिरवला आहे: हा धडा रद्द करा, नाहीतर आम्ही मुलांना बसवणार नाही. बऱ्याच जणांनी सह्या केल्यात, माझीच राहिली आहे. आम्ही देवाधर्माचं करणारी माणसं. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदासुद्धा आहे ना? नवरा म्हणतो, परक्या देशात नसत्या भानगडी नकोत, सही कर आणि मोकळी हो. पण मागे दिवाळीत आम्ही दारावर स्वस्तिक काढलं तेव्हा शेजारच्यांनी तक्रार केली होती, वर्गात मुलीला ‘नाझी’ म्हणून चिडवलं होतं. तेव्हा याच आर.ई.च्या बाईंनी स्वस्तिकावर एक पूर्ण तास घेतला आणि चिडवणं थांबलं. ते आठवलं की सही करायला हात धजत नाही. त्यात मुलीच्या त्या जिवलग मैत्रिणीने तिला ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी घरी जेवायला बोलावलंय. पाठवू का? आणि साताऱ्याला सासूबाईंना काय सांगू?

– एक आई, इंग्लंड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सही करू नका. मुलीला तासाला बसू द्या. ३१ तारखेला तिला पाठवा, पण त्याआधी तुम्ही स्वतः एकदा त्या घरी जाऊन या. अर्जाची घाई आहे म्हणून उत्तरं आधी दिली. कारणं आता सविस्तर सांगते, कारण तुम्हाला ती नवऱ्यालाही सांगायची आहेत आणि ग्रुपवरही.

आधी ही मंडळी आहेत कोण ते पाहू. पेगन म्हणवणाऱ्यांचा एक धर्मग्रंथ नाही, एक देव नाही, एक धर्मगुरू नाही. त्यात विक्कन आहेत, प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारे ड्रुइड आहेत, थोर-ओडिन या जुन्या उत्तर युरोपीय देवांना मानणारे हीदन आहेत, आणि कुठल्याच मंडळात नसलेले, आपापल्या घरी दिवा लावणारेही भरपूर आहेत. निसर्गात दैवी तत्त्व पाहणं, देवाइतकंच देवीला महत्त्व देणं आणि ऋतूंप्रमाणे सण पाळणं, एवढं त्यांच्यात बहुतांशी समान. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि सुमारे १३,००० लोकांनी ‘विक्का’. म्हणजे तुमच्या मुलीला पुढे कॉलेजात, नोकरीत, दवाखान्यात ही माणसं भेटणारच आहेत.

विक्का हा धर्म फार जुना नाही, आणि हे मुलांना मोकळेपणाने सांगायला हवं. जेरल्ड गार्डनर हा इंग्रज माणूस सिलोन, मलाया या भागांत नोकरी करून निवृत्त झाला, इंग्लंडला परतला आणि १९५४ साली त्याने पुस्तक लिहून या पंथाची जाहीर ओळख करून दिली. त्याआधी ते अवघड होतं, कारण १७३५ सालचा विचक्राफ्ट अॅक्ट १९५१ पर्यंत लागू होता. आपली परंपरा ख्रिस्तपूर्व काळापासून गुपचूप चालत आली, असा गार्डनरचा दावा होता. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की असा अखंड धागा सापडत नाही. आजचा विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म आहे. आज अनेक पेगन स्वतःच हे मान्य करतात, आणि मला त्यांच्यातली ही गोष्ट मनापासून आवडते. आपला धर्म आपल्या आजीच्या काळात सुरू झाला हे कबूल करूनही त्यावर श्रद्धा ठेवायला धैर्य लागतं.

म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात चेटकिणी ठरवून मारलेल्या बायकांची ही मंडळी वारस आहेत, असंही समजू नका. त्या बायका बहुतेक साध्यासुध्या ख्रिश्चन होत्या. कुणाशी भांडण झालं, कुणाची गाय मेली, कुणाचं मूल आजारी पडलं, एवढ्यावरून त्यांच्यावर आळ आला. इंग्लंडात त्यांना फाशी दिलं जाई. स्कॉटलंडात गळा आवळून देह जाळत. २०२२ च्या महिला दिनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रमुख मंत्री निकोला स्टर्जन यांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून या सगळ्यांची सरकारतर्फे माफी मागितली. इतक्या शतकांनंतर.

आता तुमचा कायद्याचा प्रश्न. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं खर्ची घातली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर सरकारला जाग आली. हा कायदा कुणाच्या पूजेवर बंदी घालत नाही. नरबळी, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, अशी कृत्यं तो गुन्हा ठरवतो. त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या मैत्रिणीला मुद्दाम वाचायला सांगा: अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, तो सैतानाचा अवतार आहे, असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं हाही त्यात गुन्हा आहे. नंदुरबारकडच्या पाड्यांवर डाकीण ठरवून ज्या बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं, त्यांच्यासारख्यांच्या संरक्षणासाठी ते कलम आहे. तेव्हा हा कायदा आठवायचाच असेल तर तो अर्ज फिरवणाऱ्यांच्या बाजूने उभा राहत नाही. चांगल्या वागणाऱ्या, शेजारच्या, एका मुलीच्या आईकडे बोट दाखवून ‘हिच्यापासून आमची मुलं वाचवा’ म्हणणं, याला आपल्या राज्यात काय म्हणतात ते आपल्याला पुरेपूर माहीत आहे.

अशा भीतीचं पुढे काय होतं, याचं ब्रिटनमधलंच उदाहरण देते. १९८० च्या दशकात अमेरिकेत एक लाट उठली की सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या मुलांचे हाल करतात. ती लाट इकडे आली. फेब्रुवारी १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर भल्या पहाटे समाजसेवा खात्याची माणसं आणि पोलीस चार घरांत शिरले आणि नऊ मुलांना आईबापांपासून उचलून घेऊन गेले. पाचेक आठवड्यांनी प्रकरण न्यायाधीशांपुढे आलं, त्यांनी ते फेटाळलं आणि मुलं घरी परतली. पुढे सरकारने मानववंशशास्त्रज्ञ जीन ला फाँतेन यांना अशा प्रकरणांचा अभ्यास करायला सांगितलं. १९९४ च्या त्यांच्या अहवालाने सांगितलं की सैतानपूजेच्या नावाने मुलांचे हाल करणाऱ्या अशा टोळ्यांचा पुरावा मिळाला नाही. ती मुलं मात्र त्या पहाटेतून गेली ती गेलीच. शिकलेल्या, हेतू चांगला असलेल्या अधिकाऱ्यांकडून हे घडलं, कारण ज्याची भीती वाटते त्याची नीट माहिती त्यांना नव्हती. आणि जाता जाता: विक्कामध्ये सैतान नाहीच. सैतान ही ख्रिश्चन धर्मातली संकल्पना आहे. ज्यांचा त्या चौकटीवर विश्वास नाही ते तिची पूजा कशाला करतील? ती पाच टोकांची चांदणीही त्यांच्याकडे पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि चैतन्य यांची खूण मानतात. अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका विक्कन अमेरिकन सैनिकाच्या पत्नीला तीच चांदणी नवऱ्याच्या स्मृतिफलकावर कोरून मिळावी म्हणून सरकारशी भांडावं लागलं. २००७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने ते चिन्ह मान्य केलं.

त्या चांदणीने तुम्हाला कसंतरीच होतं, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. तुमच्या शेजाऱ्यांना तुमच्या दारावरचं स्वस्तिक पाहून नेमकं तेच झालं होतं. त्यांची अस्वस्थता खोटी नव्हती. हिटलरने त्या चिन्हाचं जे केलं ते त्यांच्या घराण्यांनी भोगलेलं असू शकतं. पण त्या बाईंनी एक तास घेतला, दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि तुमची मुलगी दुसऱ्या दिवसापासून ताठ मानेने शाळेत गेली. त्या तासात कुणी मुलांना गणपतीची आरती म्हणायला लावली नव्हती. कुणीही हिंदू झालं नाही. मुलांना माहिती मिळाली आणि चिडवण्यातली मजा गेली. आता तशीच पाळी तिच्या मैत्रिणीची आहे. तेव्हा काही पालकांनी ‘आमच्या मुलांना स्वस्तिकाच्या तासाला बसवणार नाही’ असा अर्ज केला असता तर तुम्हाला काय वाटलं असतं, एवढंच नवऱ्याला विचारा. परक्या देशात आपण थोडे आहोत म्हणून गप्प राहावं, हा त्यांचा मुद्दा मला समजतो. पण आपण थोडे आहोत म्हणूनच आर.ई.चा तास आपल्याला सगळ्यात जास्त लागतो.

शाळेच्या बाजूचे नियम थोडक्यात. इंग्लंडमध्ये पालकांना मुलाला आर.ई.मधून पूर्ण किंवा अंशतः काढून घेण्याचा हक्क आहे, १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला तिच्या मुलाला तासाला बसवायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे, तिथे वाद नको. पण ‘माझ्या मुलाला काढते’ आणि ‘सगळ्यांचाच धडा रद्द करा’ या दोन फार वेगळ्या मागण्या आहेत, आणि अर्जात त्या एकत्र केल्या आहेत. पेगन परंपरा शिकवणं हे काही तुमच्याच शाळेने काढलेलं खूळ नाही. कॉर्नवॉलच्या आर.ई. अभ्यासक्रमात तिला जागा मिळाल्याची बातमी २०१२ मध्ये गाजली होती. धर्मादाय संस्थांची नोंदणी करणाऱ्या चॅरिटी कमिशनने २०१० साली ड्रुइडांच्या एका संस्थेला धर्मकार्य करणारी संस्था म्हणून नोंदवून घेतलं.

धडा आहे म्हणजे तो चांगलाच शिकवला जाईल, असं मात्र नाही. इथे तुमचं काम आहे. बाईंना छोटा मेल लिहा आणि विचारा की धड्यात काय काय आहे. नुसती टोकदार टोपी, कढई आणि झाडू रंगवायला दिलं असेल तर तो धडा नाही, ती हॅलोवीनची चित्रवही आहे. त्यातून त्या मुलीची चेष्टाच वाढेल. चांगला शिक्षक ‘पेगन लोक असं मानतात’ म्हणत नाही, ‘काही पेगन असं मानतात’ म्हणतो. तो वर्षाच्या आठ सणांबद्दल सांगतो, गार्डनरबद्दलही सांगतो, आणि जुनेपणाच्या दाव्याबद्दल इतिहासकार काय म्हणतात तेही सांगतो. पाहुणीला प्रश्न विचारू देतो, पण वर्गात विधी करायला लावत नाही. हे शेवटचं तुम्ही स्पष्ट विचारून घ्या, तुमचा तो अधिकार आहे. आणि मुलं वरच्या वर्गांत गेली की अवघड बाजूही शिकवायला हवी: थोरचा हातोडा, उत्तर युरोपातली जुनी रून अक्षरं ही चिन्हं गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांनी पळवली आहेत, काही हीदन गट उघडपणे वंशाच्या नावावर माणसं निवडतात. त्याविरुद्ध २०१६ साली अनेक हीदन संघटनांनी एकत्र येऊन जाहीर निवेदन काढलं आणि अशा एका मोठ्या अमेरिकन गटाशी संबंध तोडले. ज्या घराला स्वस्तिकाचा त्रास झालाय त्या घरातल्या मुलीला ही गोष्ट वर्गातल्या कुणाहीपेक्षा लवकर समजेल.

सहिष्णुता म्हणजे सगळ्याला मान डोलावणं, असा एक समज असतो आणि त्यामुळेच पालक बिथरतात. तुम्हाला विक्का पटायची गरज नाही. मंत्राने काही साधतं यावर माझाही विश्वास नाही, आणि त्या आईच्या मुलीने विचारलं तर मी तिला तसं सांगेन. तिला वर्गात घाबरून बसावं लागू नये, एवढं मला हवं आहे.

तुमची खरी भीती, पत्रात न लिहिलेली, मला वाटतं ही असावी: लेक घरी येऊन ‘आई, मलाही विच व्हायचंय’ म्हणाली तर? म्हणू शकते. दहा वर्षांच्या मुलींना पुढच्या महिन्यात पशुवैद्य व्हायचं असतं. पेगन मंडळी सहसा धर्मप्रसार करत नाहीत, आणि गार्डनरच्या परंपरेत अठरा वर्षांखालच्या कुणाला दीक्षा देत नाहीत. गार्डनरच्या वेळेपासून काही विधी विवस्त्र होतात, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण ग्रुपवर कुणीतरी ते टाकेलच. ते दीक्षा घेतलेल्या मोठ्या माणसांचे, बंद दारामागचे विधी असतात. शाळेतल्या तासाशी किंवा घरच्या जेवणाशी त्यांचा काही संबंध नाही. मात्र मुलीने प्रश्न विचारले की उत्तरं तुमच्याकडे हवीत. आपल्या देव्हाऱ्यात काय आहे, का आहे, तुम्ही रोज दिवा का लावता, हे तिला तुम्ही कधी नीट सांगितलंय का? नसेल तर आता सांगा. तास झाल्यावर ती विचारणारच आहे.

३१ ऑक्टोबरचं. त्या दिवशी विक्कन लोक साउइन पाळतात. उन्हाळी अर्धं वर्ष संपतं, अंधाराचे महिने सुरू होतात आणि गेलेल्या माणसांची आठवण काढतात. कित्येक घरी जेवणाच्या टेबलावर गेलेल्यांसाठी एक पान मांडतात. सासूबाईंना फोनवर हे एवढंच सांगा: मैत्रिणीच्या घरी त्यांच्या पूर्वजांचं जेवण आहे. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणाऱ्या बाईला याहून जास्त समजवावं लागणार नाही. फक्त ‘म्हणजे ते आपलेच की’ असं त्या म्हणाल्या तर हळूच अडवा. आपल्याकडे सगळ्यांना आपल्यातच ओढून घ्यायची एक प्रेमळ सवय आहे, पण त्या बाईला तिचा धर्म तिचा म्हणूनच ओळखला जायला हवा आहे.

पाठवण्याआधी तुम्ही चहाला जा. कोण कोण असणार, शेकोटी आहे का, मोठी माणसं दारू घेणार आहेत का, मुलीला काही म्हणायला किंवा करायला सांगणार का, घ्यायला किती वाजता यायचं, हे विचारा. कुठल्याही घरी मुलीला पाठवताना विचाराल तेच. ‘आम्हाला तुमच्या सणाबद्दल फारसं माहीत नाही, म्हणून विचारते’ म्हटलं की कुणाला राग येत नाही. उत्तरं देताना बाई टाळाटाळ करू लागली तर पाठवू नका, आणि ते तिच्या धर्मामुळे नाही हेही तिला सांगा. मुलगी गेलीच तर रिकाम्या हाताने नको. फराळ करायला सुरुवात केली असेल तर डबा द्या.

ग्रुपवर मी असं काहीतरी लिहीन: ‘मी या अर्जावर सही करणार नाही. धड्यात काय आहे हे मी शाळेला विचारलं आहे, उत्तर आलं की इथे टाकते. ज्यांना आपल्या मुलाला काढायचं आहे त्यांचा तो हक्क आहे, पण धडा सगळ्यांसाठी बंद करावा असं मला वाटत नाही. ज्या आईबद्दल आपण बोलतो आहोत तिची मुलगी आपल्या मुलांच्या वर्गात आहे.’ बस, एवढंच. त्यावर वाद झाला तर उत्तर देत बसू नका.

आणि हा मेसेज टाकण्याआधी मंडळातल्या मैत्रिणीला फोन करा. तिला ग्रुपवर सगळ्यांदेखत कळता कामा नये. तीही आईच्या काळजीपोटीच हे करतेय. तिच्या दारावरही दिवाळीत स्वस्तिक असेल. तिला म्हणावं, चहाला जाताना तूही चल.

तुमची,
ताई